पहाटेची फेरी थोडी उशिरा

दिवाळी सरली की मुंबई-पुण्यात पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. निरोगी माणसाने जरूर जावं. पण दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांनी थोडं थांबावं. हिवाळ्यात पहाटे बऱ्याचदा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर, धूळ वर न जाता खालीच कोंडते. ऊन तापलं की ती पांगू लागते.

यातले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण नाकात अडत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म तर रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषित दिवसांत खोकल्याबरोबर हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. हे अनेकांच्या गावीही नसतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक कळतो. तो २०० च्या वर असेल तर फेऱ्या घरातच मारा. बाहेर पडणं भागच असेल तर एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसवा. रुमालाला हे कण दाद देत नाहीत. मास्कने जीव घुसमटत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

आणि बाहेरचा धूर नको म्हणून खिडक्या लावून आत मच्छर अगरबत्ती पेटवायची, हा कुठला शहाणपणा?

डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला इन्हेलर ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा. तो खिशात ठेवा. छातीत दुखू लागलं, ओठ निळसर पडले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर लगेच १०८ ला फोन करा.