मॉरिशसच्या कागदावरचे ठाणे



काही वर्षांपूर्वी नौपाड्यात आमच्या घरी मॉरिशसचे एक गृहस्थ आले. वय साठीपलीकडचे, बोलण्यात मराठी मोजकेच, पण आरत्या तोंडपाठ. त्यांनी खिशातून खापरपणजोबाच्या नोंदीची नक्कल काढली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, आणि शेवटी जिल्हा 'टाना', गाव 'वाशी'. "आमचं गाव दाखवा," एवढेच ते म्हणाले.

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. ठाण्याची वाशी म्हणजे खाडीपलीकडची, हे शाळकरी पोरही सांगेल! जुन्या गावठाणात त्यांना घेऊन गेलो. त्यांनी जोडे काढले, रुमालात मूठभर माती बांधली, आणि आम्ही कृतकृत्य होऊन घरी आलो. ती आमची घोडचूक होती, आणि आजचे व्याख्यान तिच्याविषयीच आहे.

मॉरिशसला मजूर नेण्याची कथा आपणांस ठाऊक असेल. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन तेथे पोचले. त्या काळच्या कागदांत अशा मजुरांना 'धांगर' म्हटले आहे. हे वाचून आपल्याकडील एखादा उत्साही संशोधक धनगरवाडे धुंडाळू लागेल. पण ते छोटा नागपूरच्या डोंगरांतले लोक होते. नाव सारखे म्हणून माणूस तोच असे नव्हे. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली, त्यांत कोकणातली पुष्कळ. 1839 साली सरकारने ही भरती बंद केली, 1842 च्या कायद्याने देखरेखीखाली पुन्हा चालू केली. मनाईच्या आधी जे गेले त्यांचा माग फार तुटपुंजा. नंतरच्यांच्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. 1860 नंतरच्या दशकापासून तर छायाचित्रेही मिळतात.

आणि इकडे, ज्या घरातून तो निघाला तेथे काय? काहीच नाही. जन्ममृत्यूच्या नोंदीची सक्ती साऱ्या देशाला लावणारा कायदा आपल्याकडे 1969 चा!

हे दुःख आपलेच नव्हे. आयर्लंडातून 1845 नंतरच्या दुष्काळात लाखो लोक अमेरिकेस गेले. तेथे सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली. 1821 ते 1851 च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद होते, तेही 1922 साली डब्लिनच्या दफ्तरखान्याबरोबर जळाले. मग त्यांचे वंशज काय करतात? करआकारणीसाठी त्या काळी जमिनींची जी मोजदाद झाली, तिची पाने चाळतात. ज्याने पोराला मांडीवर खेळवले त्याने काही लिहून ठेवले नाही; ज्याला वसुली करायची होती त्याने मात्र लिहिले. आपले मोडी दफ्तरही बरेचसे असेच आहे.

आडनावावर मात्र भिस्त ठेवू नये. मॉरिशसमध्ये मूळ पुरुषाचे नावच पुष्कळदा घराण्याचे आडनाव झाले. सखाराम, रामजी, बाबाजी ही आडनावे घेऊन कोकणात भाऊबंद कसे सापडणार? त्यापेक्षा देव्हाऱ्यात डोकवावे. घरात रवळनाथाचे किंवा सातेरीचे नाव निघाले, तर सावंतवाडी, मालवण, गोवा या बाजूस वळावे. आजीच्या तोंडचा एखादा शब्द दप्तरातल्या दहा पानांहून बोलका असतो.

आता आमची चूक. पाहुण्यांची नोंद 1850 नंतरच्या दशकातली. तेव्हा ठाणे जिल्हा केवढा होता, हे आम्ही ठाण्यात राहून विसरलो! कुलाबा जिल्हा वेगळा झाला 1869 साली. त्यापूर्वी पेणची बाजू ठाण्याकडे होती. पनवेल 1883 पर्यंत आपल्याकडे. मुंबई उपनगर वेगळे झाले 1920 साली, पालघर तर परवा, 2014 साली. तेव्हा त्या कागदावरचे 'टाना' वांद्र्यापासून पेणपर्यंत कोठेही असू शकते. आणि पेण तालुक्यातही एक वाशी आहे.

हे सुचले तेव्हा आम्ही पाहुण्यांना पत्र लिहिले: एकट्या पणजोबांना पाहू नका, वहीतले त्यांच्या मागचे-पुढचे क्रमांक पाहा. घर सोडणारा माणूस एकटा क्वचितच निघतो; वाडीतला एखादा सोबती, एखादा मेहुणा बरोबर असतो, आणि कारकुनासमोर ती एकामागे एक उभी राहतात. दोन महिन्यांनी उत्तर आले. पुढच्या दोन्ही क्रमांकांवर, त्याच गावच्या नावापुढे, परगणा 'पेण' असा शेरा होता.

खात्री झाली असे आम्ही म्हणणार नाही. एकदा तोंड पोळले आहे. पण पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, "ती माती आम्ही घरच्या तुळशीत घातली. आता तिचं काय करू?" आम्हांस उत्तर सुचेना. राहू द्या, एवढेच कळवले.

येत्या थंडीत ते पुन्हा येत आहेत. पेणकडच्या वाशीत ज्यांचे सोयरे असतील, किंवा ज्यांच्या माळ्यावर तिकडचे मोडी कागद पडून असतील, त्यांनी सभा संपल्यावर कृपा करून आम्हांस भेटावे.