आकडी थांबली, पुढे काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञ सभासदाने केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकलेत, नाट्यसंगीत ऐकलेत. आज गोळ्या-औषधांविषयी ऐकण्याची पाळी आपणावर आली आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. विषय रुक्ष आहे खरा. परंतु अपस्माराचे औषध घेणारे मूल आप्तेष्टांत किंवा शेजारीपाजारी नाही, असे म्हणू शकणारी कुटुंबे फार थोडी. आपल्याकडे त्याविषयी बोलले मात्र जात नाही. कोणी आकडी म्हणतो, कोणी फेफरे म्हणतो, आणि बहुतेकजण काहीच म्हणत नाहीत.

प्रारंभी एक कबुली देतो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा येत असे. त्याला फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन अशी दोन औषधे चालू होती. तीन वर्षांत एकही आकडी आली नाही, याचा मला मोठा अभिमान वाटे. त्याची आई मात्र दर खेपेस म्हणे, "डॉक्टर, पोराचे पाय दुखतात हो." मी म्हणे, "वाढीचे वय आहे, दुखायचेच." एके दिवशी तो दाराबाहेर पडताना माझी नजर त्याच्या चालण्याकडे गेली. बदकासारखा झुलत तो चालला होता. क्ष-किरण चित्र काढले, तो हाडांत स्पष्ट मुडदूस! आकड्यांची नोंदवही मी बारकाईने पाहत होतो. मुलाकडे पाहत नव्हतो. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिले, औषधांत बदल केला, आणि वर्षभरात तो धावू लागला. त्या माउलीचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. आजचे भाषण त्याच वाक्याचे उत्तर समजावे.

हे कसे घडते? फेनोबार्बिटोन १९१२ सालापासून आणि फेनिटॉइन १९३८ सालापासून अपस्मारावर वापरात आहे. लक्षावधी मुलांना त्यांनी जीवदान दिले. परंतु ही औषधे, आणि त्यांच्या मागून आलेले कार्बामाझेपिन, यकृताला अधिक कामाला लावतात. घरी आलेल्या पाहुण्याची पाठवणी करण्यासाठी चार माणसे जादा ठेवावीत, आणि त्यांनी उत्साहाच्या भरात घरच्या मंडळींनाही बाहेर काढावे, तसा हा प्रकार आहे. औषध बाहेर टाकण्यासाठी वाढलेली यकृतातील ही पाचकद्रव्ये ड जीवनसत्त्वाचाही नाश करू लागतात. मग आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. काही मुलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलही वाढते.

आपण म्हणाल, एवढे ऊन असलेल्या देशात ड जीवनसत्त्वाची वाण कशी? पण ती आहे, आणि पुष्कळ आहे. ऊन अंगणात असते. मूल शाळेच्या वर्गात असते. त्यातून ज्याला आकडी येते त्याला "पडशील हो" म्हणून आपण खेळायलाही सोडत नाही. म्हणजे औषधाने एकीकडून नेले आणि मायेने दुसरीकडून अडवले!

आता दुसऱ्या औषधाकडे वळू. त्याचे नाव व्हॅल्प्रोएट. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत फ्रान्समधील ग्रनोबल येथे काही संशोधक नव्या रसायनांची परीक्षा घेत होते. ही रसायने ज्या द्रवात विरघळवली होती, तो होता व्हॅल्प्रोइक आम्ल. कोणतेही रसायन घ्या, प्राण्यांच्या आकड्या थांबत! तेव्हा उमगले की गुण रसायनाचा नसून द्रवाचा आहे. १९६७ साली ते फ्रान्समध्ये औषध म्हणून आले, आणि आज जगभर वापरले जाते.

या औषधाने अनेक मुलांची भूक वाढते, वजन वाढते. काहींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. येथे आपली एक गोड चूक होते. सुटीत मूल आजोळी गेले की आजी म्हणते, "आता कसा गुटगुटीत दिसतोय! औषध मानवले हो!" आजीचा आनंद खोटा नाही, परंतु ते बाळसे नव्हे. वर्षभरात वजन भराभर वाढले असेल तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित होणे, बीजकोशांत गाठी होणे, हेही संभवते. गर्भावस्थेत हे औषध गर्भाला अपायकारक ठरते. म्हणून दुसरे औषध लागू पडत असेल तर मुलींना ते शक्यतो देत नाहीत. युरोपात २०१८ साली यासंबंधी कडक निर्बंध घातले गेले. मुलीच्या आईने हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

क्वचित, परंतु गंभीर, असा आणखी एक परिणाम आहे. व्हॅल्प्रोएटमुळे रक्तातील अमोनिया वाढू शकतो, कधी यकृतालाही इजा होते. दोन वर्षांखालील मुले, एकाहून अधिक औषधे घेणारी मुले आणि चयापचयाचे जन्मजात दोष असलेली मुले यांना हा धोका अधिक. मूल विनाकारण सुस्त पडले, वारंवार ओकू लागले, अन्न नको म्हणू लागले, डोळे पिवळे दिसले, तर "पोट बिघडले असेल" म्हणून ओवा देत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

इतर औषधांविषयी थोडक्यात सांगतो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांनी भूक व वजन घटते, रक्तातील आम्लता वाढू शकते, मूत्रखडे होऊ शकतात. आणि काही मुलांना घाम कमी येऊ लागतो. उत्तरेकडे उन्हाळ्यात लू वाहते तेव्हा हे विसरून चालणार नाही. अशा मुलाला पाणी भरपूर द्यावे, भर दुपारी मैदानावर पाठवू नये, अंग तापले आणि कोरडे वाटले तर त्वरित थंडावा देऊन डॉक्टरकडे न्यावे. ऑक्सकार्बाझेपिन आणि कार्बामाझेपिन यांनी रक्तातील सोडियम उतरू शकते. ते फार उतरले तर आकडीच येते, आणि औषध कमी पडले असा समज होतो! लहान मुलांत हे प्रौढांपेक्षा कमी आढळते, एवढे समाधान.

हे ऐकून कोणी घाबरून उद्याच गोळ्या बंद करील, अशी मला भीती वाटते. तेव्हा अत्यंत आग्रहाने सांगतो: औषध एकाएकी कधीही थांबवू नका. एकाएकी थांबवल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते, आणि ती प्राणावर बेतते. योग्य उपचाराने दहांपैकी सुमारे सातजण आकडीमुक्त राहू शकतात. वर सांगितलेले बहुतेक परिणाम वेळीच ध्यानात आले तर टाळता किंवा दुरुस्त करता येतात. डॉक्टर मात्रा बदलतील, औषध बदलतील, जीवनसत्त्वाची जोड देतील. तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

मग आईवडिलांनी काय करावे? एक वही ठेवावी. तिच्यात आकड्यांबरोबर मुलाची उंची, वजन, भूक, झोप आणि पायदुखीही लिहावी. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि अल्कलाइन फॉस्फटेज, तसेच यकृत व रक्तातील क्षार, यांपैकी कोणती तपासणी केव्हा करायची ते डॉक्टरांना विचारावे. मुलाला खेळू द्यावे. पोहताना आणि उंचावर चढताना मात्र मोठे माणूस जवळ असावे.

शेवटी, घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींच्या एका सवयीविषयी बोलतो. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-मुंबईला जावे, मोठ्या डॉक्टरला दाखवावे, आणि ती चिठ्ठी घेऊन परत यावे. मग तीच चिठ्ठी दुकानदाराला दाखवीत चार-चार वर्षे औषध आणावे. मधल्या काळात मूल दहा किलोंनी वाढलेले असते, चिठ्ठी मात्र तेवढीच राहते! पुण्याच्या डॉक्टरांवरील विश्वास अवश्य ठेवा. परंतु मुलाला नियमित तपासणारा एक डॉक्टर आपण जेथे राहतो त्या गावातही असू द्या, आणि ती वही त्याच्या हाती द्या.

आणि त्या वहीत आईचे म्हणणेही लिहा. "पोराचे पाय दुखतात हो" हे वाक्य जर माझ्यासमोर कागदावर तीन वेळा आले असते, तर मी ते चौथ्यांदा टाळू शकलो नसतो.