तुमच्या फोनवर मोर्तब कोणाचे?

रात्री फोन उशाशी ठेवून आपण झोपतो. सकाळी उठून पाहावे तर पडद्यावर एक नम्र निरोप आलेला असतो: नवीन अपडेट आले आहे, आता बसवायचे की नंतर? आपल्यापैकी बहुतेकजण ‘नंतर’ म्हणतात. मीही कित्येक वर्षे तेच म्हणत होतो. चहा व्हायचा असतो, कॉलेज गाठायचे असते. अशा वेळी हा फोन पाऊण तास डोळे मिटून बसला तर करायचे काय? शिवाय मनात एक शंका असतेच. चांगला चाललेला फोन उगाच कशाला हलवा?

हा निरोप कोठून येतो, त्याबरोबर नेमके काय येते, आणि मुख्य म्हणजे फोन त्याच्यावर विश्वास का ठेवतो, याविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध दूरचा. परंतु या बाबतीत मला एक अनुभव आला आहे, आणि तो बराच महाग पडला आहे. तो पुढे सांगतोच.

फोन हातात घेतला की आपल्याला काच दिसते आणि काचेवरची चित्रे दिसतात. या दोहोंच्या मध्ये एक भले मोठे लिखाण असते. टॉवरशी कसे बोलावे, कॅमेरा कसा उघडावा, बॅटरी किती भरावी, हे सारे त्यात लिहिलेले असते. त्यातला यंत्राच्या अगदी अंगालगतचा भाग म्हणजे फर्मवेअर. त्याच्यावरचा, घराचा सगळा कारभार पाहणारा भाग म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत ती अँड्रॉइड असते. हौशी मंडळी या साऱ्या गठ्ठ्याला ‘रॉम’ म्हणतात. वास्तविक रॉम म्हणजे जे फक्त वाचावे, ज्यावर लिहू नये ते. आणि ही मंडळी तर रात्रंदिवस त्यावरच लिहीत असतात! असो. शब्दांचे असे व्हायचेच.

आता या लिखाणात चुका राहतात. काही चुका नुसत्या त्रासाच्या, तर काही दार उघडे टाकणाऱ्या. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइडमधील अशीच एक चूक उघडकीस आली. चित्रफिती वाचणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात ती होती, आणि मुद्दाम बिघडवून रचलेली एखादी चित्रफीत नुसती निरोपातून धाडून परक्याला फोनमध्ये शिरकाव मिळू शकत होता. त्यानंतरच्याच महिन्यापासून गूगलने दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. चांगला चाललेला फोन कशाला हलवा, या शंकेला हे उत्तर आहे. तो चांगला चाललेला दिसतो, इतकेच आपल्याला ठाऊक असते.

ही दुरुस्ती गूगलकडून निघते ती थेट आपल्या हाती येत नाही. गूगलचे लिखाण, त्यात चिप बनवणाऱ्या कंपनीचे तुकडे, मग फोन बनवणाऱ्या कंपनीची वेलबुट्टी, असा तिचा प्रवास. एकेका नाक्यावर महिने जात. हा गुंता सुटावा म्हणून २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीत यंत्राशी बांधलेला भाग आणि वरचा सामाईक भाग वेगळे काढण्यात आले. २०१९ पासून तर आतले काही तुकडे ॲपसारखे परस्पर बदलता येतात. तरीही शेवटची पाठवणी फोनच्या कंपनीलाच करावी लागते. तीही सगळ्यांना एकदम नव्हे. आधी थोड्या फोनांना धाडतात, दोन दिवस कानोसा घेतात, ओरड झाली नाही तर पुढच्यांना. शेजाऱ्याला अपडेट आले आणि आपल्याला नाही, याचे कारण हे.

येणारा मालही दोन प्रकारचा असतो. कधी सबंध नवी आवृत्ती येते, कधी नुसते शुद्धिपत्र. ‘पृष्ठ बेचाळीस, ओळ सातवी, अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावा’ अशा धर्तीचे हे शुद्धिपत्र आकाराने लहान, म्हणून स्वस्तात येते. पण मौज अशी की, तुम्ही मूळ पुस्तकात आपल्या हाताने एक पान जरी घुसडले असेल तर बेचाळीसावे पान बेचाळीसावे राहत नाही, आणि शुद्धिपत्र लावता येत नाही. फोनही हे आधी तपासतो, आणि मूळ प्रतीला कोणी हात लावलेला दिसला की अपडेट साफ नाकारतो.

पूर्वी हे बसवण्याचे काम फोन बंद ठेवून होई. फोन ‘रिकव्हरी’ नावाच्या एका छोट्या वेगळ्या व्यवस्थेत जागा होई आणि जुने लिखाण पुसून नवे लिही. मध्येच बॅटरी संपली की संपले! ना जुने, ना नवे. अशा फोनला जगभर ‘वीट’ म्हणतात. आपल्याकडे विटेला मोठा मान असला, तरी या विटेवर कोणी उभा राहत नाही. २०१६ साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीबरोबर यावर एक सुंदर तोड आली. आपल्यापैकी ज्यांनी ‘तो मी नव्हेच’ हे नाटक पाहिले असेल, त्यांना फिरता रंगमंच आठवत असेल. पुढे प्रवेश चालू असतो आणि मागच्या अर्ध्या भागात पुढच्या प्रवेशाची मांडामांड. तसेच आता कित्येक फोनांत लिखाणासाठी दोन जागा असतात. एकीवर आपला कारभार चालू, दुसरीवर नवी आवृत्ती गुपचूप लिहिली जात असते. फोन एकदा बंद करून सुरू केला की रंगमंच फिरतो. नवी जागा नीट उभी राहिली नाही, तर तो पुन्हा उलटा फिरतो आणि जुना प्रवेश चालू.

परंतु आलेला माल खरोखर कंपनीचाच, हे फोनला कसे कळते? येथे मला माझ्या विषयातले उदाहरण द्यावेसे वाटते. जुन्या मराठी राजपत्रांत मजकूर संपला की खाली मोर्तब करीत. मोर्तब म्हणजे लहानसा शिक्का. पत्र येथे संपले, यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. कागद लांब असून तुकडे चिकटवलेले असले, तर मागच्या बाजूस जोडावरही छाप मारीत. म्हणजे मधला तुकडा कोणी बदलला तर छाप फाटायची. फोनची व्यवस्था नेमकी हीच. प्रत्येक अपडेटवर कंपनीचे मोर्तब असते, गणिताने केलेले. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ते जुळत नाही. शिक्का कंपनीच्या तिजोरीत राहतो. फोनजवळ असते ती फक्त छाप ओळखण्याची खूण, जिच्यावरून शिक्का पाडता येत नाही. फोन सुरू होताना अगदी आतला भाग बूटलोडरचे मोर्तब तपासतो, बूटलोडर त्याच्या पुढच्याचे, आणि असे ओळीने. कोठे खाडाखोड आढळली की फोन थांबतो.

इतका चोख बंदोबस्त. पण शिक्का ज्याच्या तिजोरीत, त्याचीच इच्छा सरली तर? पुष्कळ फोनांना दोन-तीन वर्षांनी अपडेट येणे बंद होते. काच शाबूत, बॅटरी बरी, फोन धडधाकट. फक्त नवे मोर्तब मिळत नाही. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरात पिक्सेल ८ या फोनांसाठी, आणि पाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने एस २४ साठी सात वर्षांचा वायदा केला. पण ते भारी किमतीचे फोन. माझ्या वर्गातल्या मुलांच्या हातात ते नसतात.

म्हणून काही लोकांनी आपलेच मोर्तब करावयाचे ठरवले. अँड्रॉइडचा मुख्य मजकूर गूगल कोणालाही घेऊ देते, आणि त्याच्या बुडाशी असलेले लिनक्स ज्या परवान्याखाली आहे त्याप्रमाणे कंपन्यांना त्यातले आपले फेरफार उघड करावे लागतात. यांच्या जोरावर स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकन गृहस्थाने २००९ मध्ये सायनोजेनमॉड नावाची स्वतंत्र आवृत्ती सुरू केली. हेच कस्टम रॉम. त्याच वर्षी गूगलने त्याला ताकीद दिली की, आमची जीमेलसारखी ॲपे आमची आहेत, ती तुमच्या गठ्ठ्यात वाटू नका. तेव्हापासून आजतागायत मूळ रॉम वेगळे आणि गूगलची ॲपे वेगळी बसवण्याची रीत पडली आहे. पुढे त्या नावाने कंपनी निघाली, २०१६ अखेर तिने गाशा गुंडाळला, आणि स्वयंसेवकांनी तेच काम लिनिएजओएस या नावाने पुढे चालू ठेवले. जगाच्या कोपऱ्यात कोणीतरी एक माणूस आपल्या जुन्या फोनच्या जातीचे पालकत्व घेतो, आणि तो आहे तोवर त्या जातीला नव्या आवृत्त्या मिळत राहतात. आपल्या मराठीलाही या खटाटोपाचा फायदा झालेला आहे. २०११ च्या आधीच्या कित्येक अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत. त्या काळी देवनागरी वाचता यावी एवढ्यासाठी रॉम बदलणारे लोक होते.

आता माझी गोष्ट. माझा फोन २०१९ चा. २०२२ मध्ये त्याची अपडेटे थांबली. आमच्या बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, “सर, लिनिएज टाकू या. तासाभराचं काम आहे.” कृती त्याने समजावून सांगितली. सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की एक लपलेला विभाग उघडतो. तेथे कुलूप काढण्याची परवानगी द्यायची. मग फोन केबलने संगणकाला जोडून बूटलोडरला हुकूम द्यायचा, नवी रिकव्हरी लिहायची, आणि तिच्यातून रॉमचा गठ्ठा आत धाडायचा.

“फोटो वगैरे काढून ठेवलेत ना, सर?” त्याने विचारले. मी म्हटले, “माझे सगळे कार्डावर आहे.”

हुकूम दिला. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला: कुलूप काढल्यास फोनमधला सर्व मजकूर नष्ट होईल. आवाजाच्या बटनाने मी ‘होय’ वर आलो आणि दाबले.

फोटो कार्डावर नव्हते. मध्यंतरी कधीतरी कॅमेऱ्याने आपली जागा बदलली होती. जवळच्या एका खेड्यात एका आजींच्या माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल होते. कागद घराबाहेर न्यायचे नाहीत, या बोलीवर त्यांनी मला तीन रविवार फोटो घेऊ दिले. “फोटो घे बाबा हवे तेवढे, पण दप्तर इथंच राहील,” म्हणाल्या. पुढच्याच पावसाळ्यात माळ्याचे छप्पर बसले आणि कागदांचा लगदा झाला. ते फोटो म्हणजेच आता ते दप्तर होते.

पुण्याला एकाकडे फोन नेला. त्याने पाहून परत दिला. मजकूर सांकेतिक लिपीत असतो आणि कुलूप काढताना त्या लिपीची किल्लीच जाळून टाकतात, म्हणाला. पानं सापडली तरी वाचणार कोण? त्या दिवशी मला या व्यवस्थेचा फार संताप आला. नंतर विचार केला. हे पुसणे नसते, तर माझा फोन चोरणारा हीच कृती करून माझे सगळे वाचू शकला असता. नियम बरोबर होता. तो इशाऱ्यात लिहिलाही होता. वर्गात मुलांना ‘कागद शेवटपर्यंत वाचा’ असे मी वीस वर्षे सांगत आलो आहे!

नवा रॉम मात्र झकास बसला. आठवड्याला नवी आवृत्ती येते, तीही फोनवरच, केबलशिवाय. पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, बँकेचे ॲप माझ्या फोनवर उघडेना. कुलूप काढलेला फोन विश्वासाचा नाही, असे त्याला कळते. बँकेचे व्यवहार मी आता पत्नीच्या फोनवरून करतो, आणि दर वेळी तिला कारण सांगतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वरचे घर नवे झाले तरी टॉवरशी बोलणारे आणि चिपच्या पोटातले फर्मवेअर कंपनीच्याच मोर्तबाचे, ते २०२२ मध्ये होते तेथेच आहे. स्वयंसेवकांना तेथे हात घालता येत नाही. कस्टम रॉमने फोन पुन्हा तरुण होतो असे कोणी सांगितले, तर निम्मे खरे माना. शिवाय प्रत्येक फोनचे कुलूप निघतेच असे नाही. हुवावे कंपनीने २०१८ पासून कुलपाचे आकडे देणेच थांबवले.

आपल्या फोनची स्थिती पाहावयाची असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत ‘सुरक्षा पॅच’ अशी एक तारीख असते. ती चार-सहा महिन्यांतली असेल तर आज आलेल्या निरोपाला ‘आता’ म्हणा, चार्जर लावा आणि चहा घ्या. दोन वर्षांपूर्वीची असेल तर कंपनीने आपल्याला केव्हाच सोडले आहे, असे समजा. मग नवा फोन घ्या किंवा माझ्या विद्यार्थ्यासारखा कोणी शोधा. मात्र त्याच्याकडे जाण्यापूर्वी फोनमधले सगळे दुसरीकडे उतरवा, आणि उतरवलेले एकदा उघडून पाहा.

त्या दप्तरातले चार फोटो मजपाशी आहेत. एक शब्द लागत नव्हता म्हणून ते मी कोल्हापूरच्या एका स्नेह्याला पाठवले होते. त्याच्या फोनमधून परत मिळाले. तीन पुसट आहेत. चौथ्याच्या तळाशी मोर्तब स्पष्ट दिसते, मजकूर मात्र निम्माच आला आहे.