आरंभींच्या साधकाची इष्टदेवता

मंत्र, यंत्र, तंत्र यांविषयीं कुतूहल बाळगणारा माणूस बहुधा शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो. त्याला बीजमंत्र हवा असतो, सिद्ध केलेलें यंत्र हवें असतें, रात्रींचें अनुष्ठान हवें असतें. ज्या देवतेला आवाहन करावयाचें तिच्याशीं मात्र त्याची ओळखसुद्धां नसते. अनोळखी गृहस्थाच्या दारांत उभें राहून त्याला हुकूम सोडावा, तसलाच हा प्रकार. मग यंत्र विकणाऱ्याचें तेवढें फावतें.

तळवडे गांवाला आज कारखान्यांचा आणि संगणकाच्या कचेऱ्यांचा शेजार आहे. पण त्याचा जुना शेजारी देहू. नवख्या उपासकाचा क्रम कसा असावा, हें तेथील तुकारामांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. १६३०-३१ च्या सुमारास दुष्काळ पडला, धंदा बुडाला, पत्नी अन्नावांचून गेली. त्यानंतर त्यांनीं केलें काय? भंगलेलें देऊळ नीट केलें. एकादशीचें कीर्तन करूं लागले. आरंभीं अभ्यासांत चित्त नव्हतें, म्हणून संतांचीं वचनें आदरानें पाठ केलीं. पुढें गाणाऱ्याच्या मागें उभे राहून ध्रुपद धरलें. हा क्रम त्यांनीं स्वतःच एका अभंगांत नोंदविला आहे. त्यांत गुरूचा उपदेश येतो तो यानंतर, आणि तोही स्वप्नांत. मिळालेला मंत्र कोणता, तर रामकृष्णहरि! त्यांत लपविण्यासारखें कांहींच नाहीं. दैवत निवडण्याचा खटाटोपही त्यांना करावा लागला नाहीं. विठ्ठल घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता.

म्हणून नवख्यानें आपल्या घरांत पुजलें जाणारें दैवत आधीं पाहावें. तिकडे मन ओढ घेत नसेल तर दुसरें निवडण्यास हरकत नाहीं. परंतु उग्र देवता केवळ शक्तीच्या लोभानें निवडूं नये.

पूजेला गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य हे पंचोपचार पुरेत. मात्र ज्याचें त्याला द्यावें. देहूस विठ्ठलाला तुळस. पवनेकांठीं चिंचवडास, मोरया गोसावींच्या स्थानीं, गणपतीला दूर्वा. एरवीं गणपतीला तुळस वाहत नाहींत. इंग्लंडांतील मांत्रिक अ‍ॅलिस्टर क्रौली (१८७५-१९४७) यानें भक्तीनें देवतेशीं ऐक्य साधण्यावर ‘लायबर अस्तार्ते’ नांवाचा लहानसा ग्रंथ लिहिला. देवता तत्त्वतः एक असल्या तरी प्रत्येकीची पूजा तिच्याच विधीनें व्हावी, असें तोही बजावतो. त्याचें आचरण अनुकरणीय नव्हतें. ही गोष्ट मात्र त्यानें नेमकी सांगितली.

आतां वेळेचा प्रश्न. चाकणच्या कारखान्यांत पाळीनें काम करणाऱ्या तरुणाला रोज पहांटेचा नेम कोठून साधणार? त्यानें घड्याळाचा हट्ट सोडून स्नानानंतर आणि अन्नाआधीं, एवढाच नेम धरावा. एक दिवा, एक फूल, एकशें आठ नामांची एक माळ. आरंभ एकादशीला करून पुढच्या एकादशीपर्यंत तो मोडूं देऊं नये. त्या पंधरवड्यांत देवापुढें नोकरी, बढती, लग्न यांपैकीं कसलेंही मागणें ठेवूं नये. हें पथ्य सर्वांत कठीण जातें. फूल वाहून झाल्यावर तेथेंच घटकाभर बसावेंसें आपण होऊन वाटूं लागलें, म्हणजे माळा दोन कराव्या.