भूगोल शिकून काय करायचे?



आमच्या युनियनच्या कचेरीत बोनसच्या तक्रारी येतात, तशीच हल्ली आणखी एक येऊ लागली आहे. “पोरगी विद्यापीठात भूगोल घेते म्हणते, तिला चार शब्द सांगा.” आम्ही तिला रसायनाकडे वळवावे, असा बापाचा हेतू. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, भूगोलाचा एकही नाही! तरीही आम्ही तिला वळवीत नाही.

शाळेतला भूगोल म्हणजे राजधान्यांची नावे. विद्यापीठातला निराळा. तेथे नकाशावरून उतार वाचतात, माती तपासतात, पाऊस कोठे पडतो आणि कोठे जातो हे पाहतात. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथलीच. सातारा जिल्ह्यातले पाणी पोलादपुरावरून आमच्या बाजारपेठेत आले. अशा वेळी खाडीला भरती असली की पाण्याला पुढे वाट राहत नाही. जिल्ह्याची हद्द महसूल खात्याची, पाण्याची नव्हे.

त्याच पावसात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरड कोसळली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते. सोळा वर्षांत दोनदा! हे केवळ दैव म्हणावे काय? काळ्या कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. त्यात पाणी मुरत गेले की त्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि थर उतारावरून निघतो. पुष्कळदा त्याआधी जमिनीला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. या खुणा वाडीवरच्या म्हाताऱ्यांच्या नजरेत असतात. पर्जन्यमापकाचा आकडा शिकलेल्याजवळ असतो. दोघांची गाठ पडली, तर रात्री गाव वेळेवर खाली करता येईल. त्यासाठी शिकणाऱ्याने डोंगर चढला पाहिजे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. पुष्कळ मुले मात्र गाइड पाठ करून सुटतात.

आणि शिकलेल्याला खरे बोलता आले पाहिजे. पर्यावरणशास्त्राचा पदवीधर कारखान्यात लागतो, सांडपाण्याच्या नोंदवहीवर सही करतो. नमुना बिघडलेला असताना “चांगला लिही” असे वरून आले, तर तो एकटा काय करील? आमचे कामगार त्याला साहेब समजतात आणि साहेब त्याला नोकर. खराब आकडा खराब लिहिल्याबद्दल त्याची नोकरी जाणार असेल, तर गेटवर आपण उभे राहिले पाहिजे. अशांना युनियनचे सभासद करून घ्यावे, असा ठराव येत्या वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तेथे येऊन बोलावे.