डबा, सुट्टी आणि सहाव्या वर्षाची दाढ



जूनमध्ये शाळा उघडतील. वह्या-दप्तरांची खरेदी आपण आधीपासून करतो, डब्याचा विचार मात्र पहिल्या दिवशी सकाळी गॅस पेटवताना होतो. तो आज निवांतपणे करावा, अशी माझी विनंती आहे.

आधी दात किडतो कसा, ते पाहू. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातावरच्या थराचा सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल निववते आणि गेलेली खनिजे परत बसवते. या दुरुस्तीला अर्धा तास ते तासभर लागतो. तेवढ्यात मुलाने पुन्हा बिस्कीट तोंडात टाकले, की दुरुस्ती थांबते आणि झीज पुन्हा सुरू होते. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली आणि दातांवर किती वेळ राहिली, हेही महत्त्वाचे.

याचा ठळक पुरावा १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म रुग्णालयात मिळाला. तिथल्या रुग्णांना जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली तेव्हा ती झपाट्याने वाढली. हे ज्ञान मतिमंद रुग्णांच्या संमतीविना, त्यांचे दात किडवून मिळवले गेले. ती घोर अन्यायाची गोष्ट होती. निदान त्यातून कळलेले तरी आपण वाया घालवू नये.

आता आपला डबा उघडू. जॅम लावलेली पोळी, सॉसची पुडी, क्रीमचे बिस्कीट, सोबत फळांच्या रसाचे पाकीट. गूळ, मध, खजूर, मनुका पौष्टिक म्हणून आपण निर्धास्त असतो. पण दाढेच्या खाचेत अडकलेला गूळ जंतूंना साखरेइतकाच चालतो. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू यांचेही तेच. हे पदार्थ बंद करा, असे मी म्हणत नाही. ते घरी, जेवणाच्या ताटात द्या. छोट्या सुट्टीत आणि घरी परतताना व्हॅनमध्ये चघळायला देऊ नका.

मग द्यायचे काय? मटकीची उसळ आणि पोळी, मेथीचे थालीपीठ, मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे, पनीरची भाजी, पोळीला दाण्याची चटणी. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची नागली तर घरचीच. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ते मुलांच्या दातांना लागतेच; अक्कलदाढ सोडली तर कायमच्या दातांचे मुकुट साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरड्यांच्या आत घडत असतात. छोट्या सुट्टीला काकडी, गाजर, पेरूच्या फोडी किंवा फुटाणे द्या. ते चावावे लागतात, त्यामुळे लाळ सुटते. बालवाडीतल्या मुलांना मात्र अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, ते घशात अडकतात; द्राक्षेही उभी चिरून द्या. बाटलीत फक्त पाणी भरा आणि डबा खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची सवय लावा.

अनेक घरांत म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांची एवढी काळजी कशाला? पण दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकायची असते आणि तोवर ती पुढच्या दाताची जागा राखते. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात. दुखऱ्या दाढेने मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही, वर्गात लक्ष देत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते आणि कीड तिथेच लवकर लागते.

डबा कितीही चांगला दिला, तरी सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासणे चुकवून चालणार नाही. शाळांचीही जबाबदारी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकसभेत हा विषय काढा. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी पेन्सिल वाटू द्या.

आणि घरी सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर उद्या सकाळच्या उजेडात त्याला तोंड उघडायला सांगा. मागची ती दाढ शोधा. तिच्यावर काळा-तपकिरी डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका, दंतवैद्याकडे न्या. डाग नसेल तर खाचा बुजवणाऱ्या लेपाबद्दल विचारा. आज राखलेली दाढ त्या मुलाला जन्मभर साथ देऊ शकते.