आधी सुई बघा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. पण आपल्या बॅचमधल्या मैत्रिणी मला फोन करून जे विचारतात, त्यात संगणक फार थोडा असतो. 'अगं, टीप मारली की खाली नुसता गुंता होतोय', 'सुई सारखी मोडते', 'वाकळेला मशीन लावलं तर मधेच फुगा येतो', हेच प्रश्न जास्त. मी इंजिनिअर आहे म्हणजे मला कुठलंही यंत्र कळत असणार, असा या विचारण्यामागचा भाबडा विश्वास. तेव्हा संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. सरांनी आणि बाईंनी सांभाळून घ्यावं.

विषय साधा वाटला तरी किरकोळ नाही. आपल्यातल्या काही जणींचं घर या मशीनवर चालतं. नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात शिराळ्यात ज्यांच्या घरी मशीन आहे, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्याच वेळी बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि नेमकं तेव्हाच मशीन हटून बसतं. मशीन डोक्यावर घेऊन इस्लामपूरला किंवा कराडला जायचं, तिथे ठेवून यायचं, दोन दिवसांनी आणायला जायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. 2023 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. घरात मशीन येणं त्यामुळे सोपं झालं. ते चालू ठेवणं मात्र आपल्याच हातात आहे.

आधी मशीन टाका कसा घालतं ते पाहू, कारण ते कळलं की निम्मे बिघाड आपोआप कळतात. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं आणि सगळी सुई कापडातून आरपार जाते. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं. 1846 साली अमेरिकेत एलियास हाउ यांनी ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा धागा देणारं शटल, अशी जोडी होती. आपलं मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं. सुई धागा घेऊन खाली जाते, किंचित वर येते, तेवढ्यात धाग्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं, बॉबीनभोवती फिरवतं, आणि वरचा दांडा तो ओढून घट्ट करतो. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या थरांच्या मधोमध बसली पाहिजे. गाठ वर दिसली किंवा खाली दिसली, तर दोन धाग्यांच्या ओढाताणीत एकाची सरशी झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता पहिला प्रश्न, खाली होणारा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्या जणी आधी बॉबीनची डबी काढतात आणि तिचा बारीक स्क्रू पिळतात. आमच्या कामात एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते: बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. इथेही तसंच आहे. खाली गुंता होत असेल तर दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्याचा असतो. वरचा धागा सैल असला, की शटलने नेलेला फास परत वर ओढला जात नाही आणि खालीच साठत राहतो. तो सैल का राहतो? एक तर धागा वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून निसटलेला असतो. नाही तर ओवताना प्रेसर फूट खाली असतो. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्या आत न जाता वरच राहतो. म्हणून फूट उचला, धागा पूर्ण काढा, पुन्हा पहिल्यापासून ओवा. स्क्रूला हात न लावता बरीच मशिनं एवढ्यावर सुरळीत होतात. पायमशीनवर आणखी एक कारण असतं. चाक उलटं फिरलं तरी लगेच गुंता होतो. म्हणून सुरुवात करताना हाताचं चाक स्वतःच्या दिशेने फिरवून मगच पाय हलवावा, आणि दोन्ही धाग्यांची टोकं क्षणभर धरून ठेवावीत.

दुसरा प्रश्न, मशीन टाके सोडतं. इथे आधी सुई बघा. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते. धागा नेहमी खाचेच्या बाजूने आत जातो, आणि चपटी बाजू शटलकडे असते. सुई उलटी बसली, किंवा पूर्ण वर सरकवली नाही, तर फास तयार होतो पण शटलच्या टोकाला तो सापडत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी 'शटल गेलंय, नवं टाकावं लागेल' असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. सुई काढून सरळ बसवली आणि मशीन चालू झालं. सुई वाकली आहे का, हे बघायचं असेल तर ती काचेवर चपट्या बाजूने ठेवा. टोक आणि काच यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट झालं की कापडातून जाताना 'टक टक' आवाज येतो, तोही ओळखायला शिका.

सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी. 11 नंबर तलम कापडाला, 14 नंबर नेहमीच्या सुती कापडाला, 16 आणि 18 जाड कापडाला. 14 नंबरची सुई 0.90 मिलिमीटर जाड असते, 18 ची 1.10. फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण जीन्सवर 14 ची सुई मोडते आणि तलम ब्लाउजपिसावर 18 ची सुई भोकं पाडते. सुई सगळ्यांत स्वस्त भाग आहे. ती मोडेपर्यंत वापरायची नसते.

तिसरा, धागा तुटणे. रीळ जुनं असेल तर हाताने ताणून बघा, सहज तुटला तर मशीनचा दोष नाही. धागा चांगला असेल तर ताण जास्त आहे का ते बघा. तरीही तुटत असेल तर सुईखालच्या पत्र्याच्या भोकावरून बोट फिरवा. कधीतरी मोडलेल्या सुईने तिथे ओरखडा पाडलेला असतो आणि धागा त्यावर कापला जातो. बारीक पॉलिश पेपरने तो घासून गुळगुळीत होतो.

चौथा, मशीन जड चालणे. बॉबीन भरायचं चाक तसंच टेकून राहिलंय का, शटलमागे धाग्याचे तुकडे अडकलेत का, हे आधी बघा. मग तेल. इथे एक विनंती: मशीनला खोबरेल घालू नका. खोबरेल थंडीत गोठतं हे आपण सगळ्यांनी बाटली उन्हात ठेवून पाहिलेलं आहे. मशीनच्या आतही ते गोठतं, धूळ आणि कापडाचा कुसा धरून चिकट होतं. तसं झालं असेल तर रॉकेलचे थेंब सोडून मशीन रिकामं चालवा, बाहेर येणारी घाण पुसा, मग शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला, आणि चिंधीवर दोन-चार टिपा मारून मगच गिऱ्हाइकाचं कापड घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंड गंजतं आणि पायमशीनचा चामडी पट्टा सैल पडतो. पट्टा घसरत असेल तर त्याचा छोटा तुकडा कापून पिन पुन्हा अडकवा. एकदम जास्त कापू नका, फार घट्ट पट्ट्यानेही मशीन जड होतं.

आता वाकळ. तिच्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा मला वाकळ आवरून टाकणाऱ्यांची काळजी वाटते. जुनेरं कपाटात पडून राहतात, नंतर पुसायला जातात आणि बाजारातून ब्लँकेट येतं. हाताने शिवायला वेळ नाही, म्हणून मशीनवर करून बघतात, ती बिघडते, आणि 'आपल्याला जमत नाही' म्हणून विषय संपतो. ती का बिघडते, ते सांगते.

आपल्या आया-आज्या वाकळ काठाकडून शिवायला घ्यायच्या आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यायच्या. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही आपली कवंदी अशीच काठाकडून आत शिवत जातात. पण तीच पद्धत मशीनवर केली की मधे फुगा येतो. पद्धत चुकीची नाही, यंत्र वेगळं आहे. हाताने शिवताना थर जमिनीवर सपाट पडलेले असतात, सुई त्यांना पुढे ढकलत नाही, आणि जास्तीचं कापड बाई हाताने सारत सारत जिरवते. मशीनमध्ये खालचे दाते फक्त सगळ्यांत खालचा थर पुढे नेतात, आणि वरचा थर प्रेसर फूटाखाली मागे रेंगाळतो. प्रत्येक टिपेला तांदळाएवढा फरक पडतो आणि तो पुढे साठत जातो. चारी काठ आधीच बंद केले असतील तर या वाढलेल्या कापडाला बाहेर जायला वाट राहत नाही. त्याचाच फुगा होतो.

म्हणून मशीनवर उलटं करा. मधून सुरुवात करा आणि बाहेर काठाकडे जा, म्हणजे वाढलेलं कापड काठावर निघून जाईल आणि शेवटी कापता येईल. त्याआधी वाकळ जमिनीवर पसरून वीतभर अंतरावर हाताने कच्चा दोरा घाला. टाका लांब ठेवा, फूटाचा दाब कमी करा. किती थर चालतील हे मशीनलाच विचारा: हाताचं चाक हळू फिरवा, सुई अडत असेल तर तेवढे थर त्या मशीनचे नाहीत. मोठी वाकळ मशीनच्या कमानीत मावतही नाही. तेव्हा सगळ्यांत चांगली वाटणी अशी: तुकडे जोडायला आणि काठाला मशीन, मधल्या धावदोऱ्याला हात.

दोन गोष्टी कापडाच्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं लुगडं आटून झालेलं असतं. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यानंतर वाकळ आखडते. नवं कापड आधी भिजवून वाळवा. दुसरं, मऊ झालेल्या लुगड्याला जाड, चिवट नायलॉनचा दोरा घालू नका. ओढ बसली तर दोरा तुटायला हवा, कापड नव्हे. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, फाटलेलं लुगडं पुन्हा मिळत नाही.

एवढं सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर क्रम तेवढा ठेवा. आधी धागा पुन्हा ओवा. मग सुई बदला. मग बॉबीन काढून पुन्हा बसवा. मग कचरा साफ करून तेल घाला. स्क्रू सगळ्यांत शेवटी, आणि तोही पाव फेरा, आधीची जागा खुणेने लक्षात ठेवून. एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा कराडची एस.टी. धरावी लागते. मोटार असेल तर सुईला हात लावण्याआधी प्लग काढा, एवढं मात्र विसरू नका.

शेवटी एक सूचना. पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आदल्या दिवशी शाळेचा एक वर्ग आपल्याला मिळावा. ज्यांच्या घरी बंद मशीन आहे त्यांनी ते आणावं. आपल्या वर्गातले दोन मित्र इंजिनदुरुस्ती करतात, तीन मैत्रिणी उत्तम शिवतात, सुया आणि तेलाचा खर्च मी करते. कोपऱ्यात पडून असलेली किती मशिनं खरंच बिघडलेली आहेत आणि किती फक्त उलट्या सुईची आहेत, ते त्या दिवशी मोजू. ज्या शाळेने आपल्याला कार्यानुभवाच्या तासाला सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिथेच हे झालेलं बरं.